शिवनेरी ते खांदेरी : एका बेटाच्या मालकीची लढाई

जुन्नर शहराला खेटून उभ्या असलेल्या शिवनेरीवरून समुद्र दिसत नाही. दिसते ते कुकडीचे खोरे, चावंड आणि हडसरचे कडे आणि पश्चिमेला सह्याद्रीची निळसर रांग. मात्र या मुलखाचा समुद्राशी संबंध दोन हजार वर्षांचा आहे. जुन्नरहून निघालेला व्यापारी तांडा नाणेघाट उतरला की कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांची वाट धरत असे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख याच घाटात आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या रानातूनही कोकणात उतरणाऱ्या वाटा आहेत. घाटमाथ्यावरच्या या भूमीत जन्मलेल्या एका मुलाने पुढे आयुष्याच्या अखेरच्या वर्षात मुंबईच्या तोंडाशी असलेल्या एका उजाड बेटावरून इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी एकाच वेळी झुंज दिली. ते बेट म्हणजे खांदेरी, आणि तो मुलगा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज.

शिवचरित्रात अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक हे प्रसंग घराघरांत सांगितले जातात. खांदेरीचा संग्राम त्या मानाने मागे राहतो. त्यात एका दिवसात लागलेला निकाल नाही आणि निर्भेळ विजयही नाही. तरीही एखादी भूमी कोणाची, हे कशावरून ठरते, या प्रश्नाचे महाराजांनी दिलेले उत्तर या लढाईत स्पष्ट दिसते.

परकी झालेली जन्मभूमी

महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. आदल्याच वर्षी जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात हत्या झाली होती. दख्खनवर दुष्काळाचे भयंकर सावट येत होते. शहाजीराजे सतत मोहिमांवर असत, म्हणून गरोदर जिजाबाईंना या बळकट किल्ल्यावर ठेवण्यात आले होते.

पुढची काही वर्षे शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकाला गादीवर बसवून बुडते राज्य सावरण्याचा प्रयत्न केला. 1636 मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना शरण यावे लागले. मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली. जुन्नर, शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर हा सारा टापू मोगलांकडे गेला. शहाजीराजांना आदिलशाहीत रुजू व्हावे लागले आणि पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. सहा-सात वर्षांच्या शिवबांसाठी जन्मगाव एका तहाच्या कागदाने परक्या राज्यात गेले.

ते पुन्हा त्यांच्या हाती कधीच आले नाही. 1657 च्या एप्रिलअखेर त्यांनी रात्रीच्या वेळी दोरशिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे घेऊन ते परतले. गावाची लूट मिळाली, पण डोंगरावरचा किल्ला मोगलांकडेच राहिला. पुढे 1670 च्या दशकात शिवनेरी घेण्याचे प्रयत्न झाले. किल्लेदार अब्दुल अझीझ खानाने ते हाणून पाडले. 1675 मध्ये इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून कल्याणमार्गे जुन्नरला आला, तेव्हाही त्याला तेथे मोगल अंमलदारच भेटला. वाटेतले कल्याण मात्र एव्हाना मराठ्यांचे झाले होते. मुंबईहून जुन्नरला जायचे तर आता शिवाजीराजांच्या मुलखातूनच जावे लागत होते.

घाटाखालचे राज्य

कल्याण आणि भिवंडी मराठ्यांनी 1657 च्या ऑक्टोबरमध्ये घेतली. जुन्नरच्या स्वारीनंतर अवघ्या सहा महिन्यांत घाटमाथ्यावरचा हा सरदार खाडीच्या काठाशी पोचला. येथेच त्यांच्या दर्यावर्दी धोरणाचा आरंभ झाला. कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामावर व्हियेगस नावाचे पोर्तुगीज पिता-पुत्र आणि त्यांचे कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावून परत बोलावले, तरी काम थांबले नाही. कोळी, भंडारी आणि मुसलमान खलाशी मिळून आरमार वाढत गेले.

त्या काळी हिंदी महासागरात सत्तेचा एक वेगळाच व्यवहार चालत असे. पोर्तुगीज समुद्रालाच आपली मालमत्ता मानत आणि जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावत. परवाना नसलेले जहाज ते पकडत. युरोपात डच पंडित ग्रोशियस याने 1609 मध्ये समुद्र सर्वांना खुला असल्याचे मत मांडून पोर्तुगिजांच्या या दाव्याला आव्हान दिले होते. कोकणच्या किनाऱ्यावर हा वाद ग्रंथांपुरता नव्हता. मीठ, तांदूळ, कापड घेऊन निघालेल्या प्रत्येक गलबताला त्याची झळ बसत होती. ज्याचा किनारा त्याला समुद्रावर काहीच अधिकार नाही, ही स्थिती महाराजांना मान्य नव्हती.

त्यासाठी त्यांनी बेटे निवडली. 1664 च्या नोव्हेंबरमध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग बळकट करण्यात आले. जंजिऱ्यासमोर कांसा खडकावर पद्मदुर्ग उभा राहिला. घाटावर डोंगराच्या माथ्यावर जे किल्ले करत होते, तेच कोकणात पाण्याने वेढलेल्या खडकांनी करायचे होते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचा राज्याचे वेगळे अंग म्हणून जो विचार आला, त्याचा पाया महाराजांच्या हयातीतच घातला गेला होता.

एक शल्य मात्र कायम राहिले. मुरुडजवळचा जंजिरा हाती येत नव्हता. 1669 पासून महाराजांनी त्यावर मोठा जोर लावला, तेव्हा सिद्दींनी आदिलशाही सोडून मोगलांची चाकरी पत्करली. आता सिद्दीचे आरमार औरंगजेबाचे आरमार झाले. पावसाळ्यात ते मुंबई बंदरात मुक्कामाला येई आणि पाऊस ओसरला की मराठ्यांच्या किनाऱ्यावर गावे जाळत व माणसे पकडत फिरे. इंग्रजांना मोगलांची मर्जी सांभाळून सुरतेचा व्यापार चालवायचा होता. त्यामुळे ते सिद्दीला नकार देत नसत.

कागदावरची मुंबई

मुंबई इंग्रजांकडे आली तीच मुळी एका राजघराण्याच्या लग्नात. 1661 च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहाच्या निमित्ताने हे बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. प्रत्यक्ष ताबा 1665 मध्ये मिळाला आणि 1668 मध्ये राजाने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. आंदण दिलेल्या मुंबईत नेमके काय काय येते, यावर मात्र पोर्तुगीज आणि इंग्रज यांचे कधीच एकमत झाले नाही. माहीमसारख्या ठिकाणांवरूनही त्यांच्यात वाद होता. मग मुंबईच्या दक्षिणेला अकरा मैलांवर आणि थळच्या किनाऱ्यासमोर असलेली खांदेरी व उंदेरी ही बेटे कोणाची?

इंग्रजांच्या मते ती मुंबईच्या हद्दीत येत होती. पोर्तुगीजही आपला जुना हक्क सांगत होते. सिद्दीच्या दृष्टीने किनारा मोगल बादशहाच्या वतीने आपल्या देखरेखीखाली होता. महाराजांच्या दृष्टीने समोरचा किनारा स्वराज्याचा असल्याने बेटेही स्वराज्याचीच होती. चौघांचे चार दावे होते आणि बेटावर वस्ती कोणाचीच नव्हती.

खांदेरीची लांबी जेमतेम दीड मैल आणि रुंदी अर्धा मैल. पण मुंबई बंदरात जाणारे-येणारे जहाज तेथून दिसल्याशिवाय राहत नसे. सिद्दी मुंबईहून जंजिऱ्याला जाताना त्याला या पाण्यातूनच जावे लागे. महाराजांनी 1672 मध्येच येथे तटबंदीचा प्रयत्न केला होता. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांची जहाजे आली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर राज्याभिषेक झाला. 1674 च्या जूनमध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता आणि कंपनीने छत्रपतींशी तहही केला. तरीही सिद्दीचा मुंबईतला आसरा सुटला नाही.

1679 : बेटावर चढलेली माणसे

1679 चे वर्ष महाराजांसाठी सुखाचे नव्हते. दक्षिणेची मोठी मोहीम नुकतीच संपली होती. युवराज संभाजीराजे आदल्या वर्षाच्या अखेरीस मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले होते. औरंगजेबाने त्याच वर्षी जिझिया पुन्हा लादला होता. अशा स्थितीत ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळा पुरता ओसरण्याआधीच, मुंबईच्या इंग्रजांना बातमी लागली की चौलच्या बाजूला शेकडो सैनिक आणि मजूर, तटबंदीच्या सामानासह, जमवले जात आहेत. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला होता आणि तटाच्या भिंती उठू लागल्या होत्या.

मुंबईकरांनी बेट खाली करण्याचा निरोप धाडला. आपल्या राजाच्या हुकमाखेरीज आपण हलणार नाही, एवढेच मायनाकने कळवले. मग इंग्रजांनी नाकेबंदी केली. सप्टेंबरमध्येच लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचे धाडस केले. त्यात तो स्वतः मारला गेला, काही साथीदार पडले आणि काही कैद झाले. किरकोळ वाटणाऱ्या या मजुरांच्या वस्तीला हटवणे सोपे नाही, हे कंपनीला प्रथमच कळले.

इंग्रजांनी मग आपले मोठे जहाज रिव्हेंज, डव्ह हे गुराब, शिबाडे आणि मचवे मिळून आठ जहाजांचा ताफा उभा केला. त्यावर खलाशांखेरीज दोनशे गोरे सैनिक होते. नेतृत्व कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन रिचर्ड केजविन यांच्याकडे होते. केजविनला बेटांच्या भांडणांचा अनुभव नवा नव्हता. 1673 मध्ये डचांकडून सेंट हेलेना हे अटलांटिकमधले बेट इंग्रजांनी परत घेतले, तेव्हा त्याचा कारभार केजविनकडे सोपवण्यात आला होता.

18 ऑक्टोबर 1679 रोजी सकाळी मराठा आरमाराचा सरदार दौलतखान चाळीस ते साठ गलबते घेऊन किनाऱ्याजवळून निघाला आणि इंग्रजांवर तुटून पडला. हल्ला इतका वेगाने आला की इंग्रजांना नांगर उचलायलाही सवड मिळाली नाही. डव्ह या गुराबाने निशाण उतरवले आणि ते मराठ्यांच्या हाती पडले. इतर लहान जहाजे दूर पळाली. रिव्हेंज मात्र एकटे झुंजत राहिले. त्याच्या मोठ्या तोफांपुढे मराठ्यांची पाच गलबते बुडाली आणि अखेर सारा ताफा नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरला. खुल्या पाण्यात, तोफांच्या माऱ्यात, मराठा गलबते युरोपीय जहाजाला टक्कर देऊ शकत नाहीत, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

रात्रीच्या होड्या

इंग्रजांनी ही लढाई जिंकली, पण त्यांना बेट मिळाले नाही. कारण खांदेरीचे भवितव्य मोठ्या जहाजांवर अवलंबून नव्हते. थळ आणि नागावच्या किनाऱ्यावरून अंधार पडला की लहान होड्या निघत. त्यांना फार खोल पाणी लागत नसे. वारा नसला तरी त्या वल्ह्यांवर चालत, आणि किनाऱ्याचे खडक व प्रवाह त्यांच्या तांडेलांना पाठ होते. इंग्रजांची अवजड जहाजे वाऱ्याची वाट पाहत नांगरून पडलेली असत, तेवढ्यात धान्य, दारूगोळा आणि चुना बेटावर पोचलेला असे. आठवड्यामागून आठवडे नाकेबंदी चालली आणि आठवड्यामागून आठवडे भिंत उंच होत गेली.

महाराज तेव्हा स्वतः घाटावर होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी मोगलांच्या जालन्याच्या पेठेवर स्वारी केली. परतताना पाठलाग चुकवत पट्टा किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. डिसेंबरमध्ये संभाजीराजे पन्हाळ्याला परतले. एवढ्या धकाधकीतही खांदेरीचा दोर त्यांनी सोडला नाही. इंग्रजांवर दबाव आणण्यासाठी सुमारे चार हजारांची फौज कल्याण-भिवंडीकडे पाठवण्यात आली. ठाण्याच्या बाजूने मुंबईवर उतरण्याचा तिचा रोख होता. पोर्तुगिजांनी वाट दिली नाही, तेव्हा ती पनवेलकडे वळली. समुद्रावर तुम्ही आमचे बेट वेढलेत तर जमिनीवरून तुमचे बेट वेढले जाईल, असा त्याचा सरळ अर्थ होता. मुंबईत घबराट पसरली.

नोव्हेंबरच्या अखेरीस सिद्दी कासम चौतीस जहाजे घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. त्याने खांदेरीवर तोफा डागल्या, पण बेट पडले नाही. उलट इंग्रजांनाच शंका येऊ लागली, की बेट पडले तर सिद्दी ते आपल्याला देईल की स्वतःच ठेवील? ही शंका निराधार नव्हती. 1680 च्या जानेवारीत सिद्दीने कोणालाही न विचारता शेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवली आणि तेथे तटबंदी सुरू केली. महाराजांचीच युक्ती त्याने महाराजांवर उलटवली होती. दौलतखानाने उंदेरीवर जोराचा हल्ला केला. तो फसला आणि दौलतखान स्वतः जखमी झाला.

आता दोन बेटांवरून दोन शत्रू एकमेकांवर तोफा रोखून बसले. इंग्रजांना या खर्चिक झगड्यात राहण्याचे कारण उरले नाही. कंपनीला व्यापार हवा होता. सुरतेच्या वरिष्ठांनी प्रकरण मिटवण्याचा मार्ग धरला आणि इंग्रज जहाजे माघारी गेली. 1680 च्या मार्चमध्ये समेट झाला. सिद्दीच्या आरमाराला मुंबईत आसरा न देण्याचे इंग्रजांनी मान्य केले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांतच, 3 एप्रिल 1680 रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. वयाची अवघी पन्नास वर्षे पुरी झाली होती.

ताब्याचा अर्थ

खांदेरीच्या लढाईचा हिशेब मांडला तर जमेची आणि खर्चाची अशा दोन्ही बाजू भरतात. बेट मिळाले, पण शेजारचे बेट शत्रूकडे गेले. समोरासमोरच्या झुंजीत आरमार मागे हटले. सिद्दीचा प्रश्न सुटला नाही. संभाजीराजांनीही गादीवर आल्यावर उंदेरी घेण्याचा प्रयत्न केला, पण ती मराठ्यांकडे यायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

तरीही महाराजांचा मूळ विचार खरा ठरला. इंग्रजांकडे राजाच्या विवाहाचा करार होता, पोर्तुगिजांकडे जुने दावे होते, सिद्दीकडे बादशहाची सनद होती. खांदेरी अखेर राहिली ती ज्याची माणसे तेथे दगड रचत होती आणि ज्याच्या होड्या त्यांना रोज भाकरी पोचवत होत्या त्याच्याकडे. लहानपणी एका तहाने त्यांची जन्मभूमी परकी केली होती. कागदाने मुलूख जातो, आणि तो राखायचा तर तेथे उभे राहणारी माणसे लागतात, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

पुढे कान्होजी आंग्रे यांनी खांदेरीला मराठी आरमाराचा बळकट अड्डा बनवले. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर चाल केली, तीही व्यर्थ गेली. केजविनने तर 1683 मध्ये खुद्द कंपनीविरुद्धच बंड करून काही काळ मुंबई ताब्यात घेतली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्या विजयात मिळालेली पोर्तुगीज चर्चची एक घंटा भीमाशंकरच्या मंदिरात आजही आहे. समुद्राकाठच्या पराक्रमाची खूण घाटमाथ्यावरच्या रानात येऊन विसावली.

खांदेरीवर 1867 मध्ये दीपगृह बांधले गेले. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. कोळी बांधव तेथे वेताळाच्या दर्शनाला जातात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत शिवनेरी आहे आणि खांदेरीही आहे. शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, पण तो किल्ला त्यांना हयातीत जिंकता आला नाही. खांदेरीवर त्यांचे काहीच नव्हते, आणि ती त्यांनी अखेरच्या वर्षात दगडावर दगड रचून आपली केली. आज जुन्नरहून निघालेला प्रवासी एकाच दिवसात या दोन्ही ठिकाणांच्या दरम्यानचे अंतर कापू शकतो. महाराजांना त्यासाठी पुरी पन्नास वर्षे लागली.